चिन्नोरचं पोतं

मोहाडीजवळच्या एका खेड्यातले पुंडलिकराव दोन एकरांचे धनी, पण ऐट मात्र मालगुजाराची. आणि ती ऐट सारी चिन्नोरवर. बारीक, वासाचा तांदूळ. यांच्या घरी शिजला की शेजारीण चूल सोडून अंगणात यायची. घरात मात्र रोज जाडा तांदूळच रांधायचा. चिन्नोर तुमसरच्या बाजारात जाई, नाहीतर पाहुण्याच्या ताटात.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांच्या पुष्पाला भंडाऱ्याला डी.एड.ला जागा मिळाली. आनंदाला पारावार नव्हता! फीसाठी म्हशीची वगार विकली. राहायचं वसतिगृह त्याहून सोपं निघालं: खोली नि डाळ त्यांची, तांदूळ घरून आणायचा आणि मुलींनी आपला आपण रांधायचा. मात्र रेक्टर गोदावरीबाईंचा नियम कडक. आणलेलं पोतं दिवाळीपर्यंत पुरलं पाहिजे; ज्या मुलीचा तांदूळ संपला, तिनं नवा आणावा, नाहीतर घर गाठावं.

आता लेकीच्या ताटात जाडा भात? पुंडलिकरावांना ते कसं सोसावं! उरलासुरला चिन्नोर झाडून पोत्यात भरला, पोतं एसटीच्या टपावर चढवलं, आणि वास येतो का म्हणून खिडकीतून नाक बाहेर काढून भंडाऱ्यापर्यंत बसले.

मग व्हायचं तेच झालं. पुष्पाचं गंज चुलीवर चढलं की साऱ्या पोरी ताटल्या घेऊन हजर. आणि पुष्पाही बापाचीच लेक. कोणाला नाही म्हणेल तर शपथ. त्यात बारीक भात पोटात थांबतो थोडाच? संध्याकाळी पुन्हा रांधायची वेळ. पोळा आला आणि पोतं रिकामं झालं. बाईंचा निरोप आला: तांदूळ आणा, नाहीतर मुलीला घेऊन जा.

घरात आता फक्त जाडा होता. तो न्यायचा म्हणजे नाक कापलं जाणार! पुंडलिकराव तुमसरला उधारीत चिन्नोर घ्यायला निघाले, तशी त्यांची बायको गिरजाबाई दारात आडवी उभी राहिली.

"तुमाले पोरगी शिकवाची हाये का तांदूळ मिरवाचा हाये?"

खरं होतं, म्हणूनच फार लागलं. पुंडलिकराव दारातूनच मागे फिरले. मग त्यांनी जाडा तांदूळ भरला, कोणी पाहू नये म्हणून पोत्याचं तोंड दुहेरी शिवलं आणि बस धरली.

वसतिगृहात गोदावरीबाईंनी ती शिवण उसवायलाच लावली. मूठभर तांदूळ हातात घेतला. पुंडलिकरावांनी मान खाली घातली.

"आता होते तुमची मुलगी पास," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

झालंही तसंच. जाड्या भाताला ना वास, ना भोवती ताटल्यांची गर्दी, आणि एकदा जेवलं की दिवसभर अभ्यासाला बसावं. कोर्स संपेपर्यंत जाडाच गेला. पुष्पा पास झाली, बपेऱ्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली.

पुढं मोहाडीच्या बाजारात कोणी ना कोणी विचारायचंच, दोन एकरांत पोरीला एवढं कसं शिकवलं म्हणून. पुंडलिकराव ऐटीत धोतराचा सोगा सावरत.

"जाड्यावर शिकवलं, बापा. चिन्नोरवर तं ते पोळ्यालेच घरी आली असती."