उपाशी म्हणजे उपास नव्हे

"उपाशी आलाय ना?" मी विचारलं.

"कडक!" अण्णा टेबलावर आडवे होत म्हणाले.

मी पोटावर जेल लावलं, प्रोब टेकवला आणि स्क्रीनकडे बघून कपाळाला हात लावला. जठर गच्च भरलेलं. वर गॅसचे ढग.

"अण्णा, काय खाल्लंय?"

"काय न्हाय की. शनिवारचा उपास हाय माजा. मारुतीचा."

"आणि उपासाला?"

"खिचडी. दोन केळी. धार काढताना घोटभर दूध."

"घोटभर न्हवं, तांब्याभर," त्यांच्या बायकोने, शालनवहिनींनी, कोपऱ्यातून भर घातली.

मी कोल्हापुरात सोनोग्राफी करते. अण्णा कागलकडचे, एके काळचे पैलवान, आता गोठा सांभाळतात. रक्तदान करायला गेले तेव्हा त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. आपल्याकडे त्याला पांढरी कावीळ म्हणतात. काहींच्या लिव्हरमध्ये हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. दुखत नाही, खुपत नाही, डोळेही पिवळे होत नाहीत. पण त्यातल्या काहींना पुढे लिव्हरचा कॅन्सर होतो. गोळ्या घेतल्याने धोका कमी होतो, संपत नाही. चाळिशी उलटलेल्या पुरुषाला, त्यातून घरात कुणाला हा कॅन्सर झालेला असेल तर, जास्तच. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. गाठ लहान असताना सापडली, तर बरंच काही करता येतं.

अडचण एवढीच, की सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी आणि त्या गॅसमधून पलीकडे जात नाहीत. लिव्हरचा डावा भाग जठराला चिकटून असतो. अण्णांचा तो भाग खिचडीने झाकून टाकला होता.

"सोमवारी परत या. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही," मी म्हटलं.

अण्णा उठून बसले. "गेल्या खेपेला नॉर्मल हुतं, त्येच्या आदी बी नॉर्मल हुतं. आता बी नॉर्मल लिवा की!"

"न बघता लिहू?"

"मग ऱ्हाऊ द्या. सा महिन्यांनी बगू."

मला राग आला. बाहेर पेशंट खोळंबलेले आणि हा माणूस मला रिपोर्ट सांगतोय! मी काही बोलणार, तेवढ्यात शालनवहिनी पुढे आल्या.

"थोरल्या दादांचं इसरलासा व्हय? त्यास्नी तरी कुटं दुकत हुतं?"

अण्णांचे थोरले भाऊ लिव्हरच्या कॅन्सरनेच गेले होते. अण्णांनी गुपचूप शर्टाची बटणं लावली.

"सोमवारी येतो," ते म्हणाले.

सोमवारी आले ते भुकेने चिडलेले. पोट मात्र रिकामं होतं आणि डावा भाग स्वच्छ दिसत होता. त्यात एक ठिपका होता. खिचडीतल्या शेंगदाण्याएवढा. मी पुन्हा पुन्हा बघितलं. ठिपका जागचा हलला नाही.

"काय हाय?" अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"एक लहान गाठ दिसतेय. कसली आहे ते सोनोग्राफीत कळत नाही. सीटी करायला लागेल."

सीटीत कॅन्सरच निघाला. पण एकच गाठ, लहान, कुठे पसरलेली नाही. तिच्यात सुई घालून डॉक्टरांनी ती आतल्या आत जाळून टाकली. त्यानंतरचा सीटी स्वच्छ आला आणि माझा जीव भांड्यात पडला. शालनवहिनी मात्र काउंटरवरच ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी माझ्या हातात खरवसाचा डबा दिला.

अण्णांच्या तपासण्या आता जास्त वेळा होतात. त्यांचा शनिवार चालू आहे. आमची रिसेप्शनिस्ट वैशाली फोनवर 'उपाशी या' असं म्हणायची बंद झालीय. ती सांगते, "काहीही खाऊ नका. साबुदाणासुद्धा नाही."

तरी चुका होतात. परवा एक आजोबा बाकावर बसून पिशवीतलं केळं सोलत होते. माझ्या आधी शेजारून अण्णाच गरजले.

"पावणं, ठेवा ते केळं! हितं देव न्हाय, मशीन बगतंय!"