मोगऱ्याचा वास

"सर, तुम्ही जरा सिस्टरच्या खुर्चीत बसा," म्हणत डॉक्टर मॅडमनी अगरबत्ती पेटवली. मला वाटलं, उद्घाटनाची पूजा. मी बूट काढायला वाकलोसुद्धा.

जिंतूरकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातली ही टीबीची औषधं द्यायची खोली. व्हेंटिलेशनचं काम माझं. खोकल्यातले जंतू कोंदट खोलीत तरंगत राहतात, म्हणून तिथली हवा सारखी बदलावी लागते. तासात ती कितीदा बदलते, त्याला आम्ही एअर चेंजेस म्हणतो. माझ्या हिशेबात बारा येत होते, म्हणजे उत्तम. मी तर सत्काराच्या तयारीनं आलो होतो.

एका खिडकीत कूलर, समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन. आपल्याकडं कूलरचं तोंड पाहुण्याकडं असतं. इथला पाहुणा म्हणजे पेशंट. म्हणून मी कूलरपुढं त्यांचं बाकडं ठेवलं आणि एक्झॉस्टखाली सिस्टरची खुर्ची. या सिस्टर सहा महिन्यांच्या गरोदर. मास्क लावून रोज तिथं बसायच्या.

पेशंट अजून बाहेर ओसरीत होते. मॅडमनी बाकड्यापाशी, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर अगरबत्ती धरली. धूर निघाला तो थेट सिस्टरच्या खुर्चीत बसलेल्या माझ्याकडं.

"वास येतोय?"

"मोगरा," मी खुशीत म्हणालो.

"मोगरा आला तसा खोकलाही येईल."

हवा तासाला बारा वेळा बदलत होती खरी, पण सिस्टरच्या नाकावरून. घाबरून मी नव्या पंख्यांची, नव्या नकाशाची भाषा सुरू केली. मॅडम म्हणाल्या, यंत्राला हात लावू नका, खुर्ची उचला.

खुर्ची कूलरकडं नेली. बाकडं एक्झॉस्टखाली न्यायचं, तर भर मे महिन्यात पेशंटना तुमचा गार वारा गेला म्हणून सांगायचं कुणी? मी भिंत न्याहाळू लागलो. मॅडमनी ओसरीत जाऊन काही न लपवता सांगितलं. एक म्हातारे बाबा उठले.

"आदी सांगायचं की, मॅडम. बाईच्या पोटात लेकरू हाय. आमी लय उन्हाळे काढलेत." बाकड्याचं एक टोक त्यांनीच धरलं. दुसरं मी.

पुन्हा अगरबत्ती. सिस्टरनी लांब श्वास घेतला.

"काहीच येत नाही, सर."

इतकं चांगलं सर्टिफिकेट मला साऱ्या नोकरीत मिळालं नव्हतं.

सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या ठणठणीत. तेव्हापासून माझ्या बॅगेत मीटरशेजारी अगरबत्तीचा पुडा असतो. हवा किती फिरते ते मीटर सांगतं, पण कुणाकडून कुणाकडं जाते ते धुरालाच विचारावं लागतं. बायकोला वाटतं, रिटायरमेंट जवळ आल्यावर मला देव आठवला. मी तिचा समज मोडत नाही.