शेवंताची जट

नाही गं, तेल ओतू नकोस त्याच्यावर. कुठलंच नको... बदामाचं नको, कांद्याचं नको, आणि तुझ्या सासूबाईंनी बरणीत भरून ठेवलंय ते तर नकोच नको.

खालच्या मजल्यावरच्या सुनेने काल मला तिच्या लेकीच्या डोक्याचा फोटो पाठवला. कुरळे दाट केस, मानेवर मुठीएवढा गुंता... आणि गुंत्यावर कुंकवाचं बोट. विचारते, "काकू, हे काय असेल?" कुंकू कोणी लावलं ते मी विचारलं नाही. घरात सासू एकच आहे. फोनवर सांगणार होते, मग म्हटलं इथेच लिहून सगळ्यांना सांगते. तिची सासू वाचत असेल तर तिनेही वाचावं, मग खुशाल मला ब्लॉक करावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंजूरहून लग्न होऊन भिवंडीत आले. माझे केस सरळ, वेणी घातली की तासाभरात सुटणारे. नणंद शेवंता, तिचे कुरळे, इतके दाट की फणीचे दात मोडायचे. मी म्हणायचे, "तुझ्या डोक्यात कोंबडी अंडी घालून गेली तरी तुला कळायचं न्हाय." ती म्हणायची, "वहिनी, तुझ्या डोक्यावर तर उवांचे पण पाय घसरत असतील."

आमचे हे लूमवर, कायम रात्रपाळीला. आम्ही दोघी दिवसा कांड्या भरायला... म्हणजे लूमला लागणारं सूत मशीनवर कांडीला गुंडाळायचं. दिवसभर नुसती रुई उडायची. संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्या होऊन घरी यायचो, भुवयासुद्धा पांढऱ्या.

सासूबाईंचा नियम, कामाला निघताना डोकं तेलाने चप्प पाहिजे. "डोकं गार ऱ्हातं." तिथेच चुकत होतं, आणि कारखान्यातल्या सगळ्याच बायकांचं चुकत होतं. तेलावर रुई बसते, वर सुताची खळ चिकटते. माझ्या सरळ केसांतून ती फणीने निघायची. कोंडा व्हायचा, खाज सुटायची, पण निघायची. शेवंताच्या कुरळ्यांत गेली की गेली.

विंचरताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ती नुसतं वरवर विंचरायला लागली... आणि आत गुंता वळत गेला. त्यात टायफॉइड झाला, डोक्याला फणीच नाही. उठली तेव्हा मानेवर दोरखंडासारखी जट.

सासूबाईंनी पाहिलं आणि हातच जोडले. "देवी आली माझ्या घरा." दुसऱ्या दिवसापासून जटेला हळदकुंकू. चाळीतल्या ज्या बायका तिच्याकडून उवा काढून घ्यायच्या, त्याच पाया पडायला लागल्या. तिचं वडपे गावातलं स्थळ ठरत आलेलं... त्यांचा निरोप आला, देवीच्या बाईला आम्ही कसं नांदवणार?

आत काय चाललंय ते मला माहीत होतं, मी तिच्या शेजारी झोपायचे. वास यायचा. उवा, पू, आणि जटेच्या ओझ्याने मान एका बाजूला कललेली. डॉक्टरचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, "देवीला सुई टोचायची हाय का तुला?" आईपुढे यांचं तोंड कधी उघडलंच नाही.

एकदा तिला हसवायला मी म्हटलं, "काय देवीबाई, आज नैवेद्याला काय?" ती हसली नाही. म्हणाली, "वहिनी, मला आता खाजवायची पण भीती वाटते. देवीला लागलं तर?"

नंतर एके दिवशी सासूबाई अंजूरला कुणाच्या तरी हळदीला गेल्या. परत आल्या तर शेवंताची मान मोकळी. मी सांगितलं, "आई, डोक्यावरून पाणी घेतलं, अन् मुळापासून गळून हातातच आली." त्यांनी जट लाल कापडात बांधली, कशेळीच्या खाडीत सोडली, आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. देवीच गेली म्हटल्यावर सुईला कोणाची हरकत? शेवंताला डॉक्टरकडे नेलं, जखमा भरल्या. पुढे लग्नही झालं... वडप्याला नाही, बऱ्या घरी.

वर्ष फिरलं नाही तोच हे गेले. जी रुई तिच्या केसांत, तीच यांच्या छातीत. खोकून खोकून... केसांतली फणीने काढता येते, छातीत फणी कुठून घालू?

सासूबाई दारात बसून येईल त्याला सांगायच्या, "देवी उठून गेली, जाताना माझा पोरगा नेला." मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. त्या जाईपर्यंत ऐकलं.

तर पोरी, लेकीचं डोकं कोमट पाण्याने ओलं कर, कंडिशनर चोपड आणि बोटांनी टोकाकडून वर सोडवत जा. मुळाकडून ओढू नकोस. कुरळ्यांना मोठ्या दातांचा कंगवा, तोही केस ओले असताना. तेल लावायचं तर धुवायच्या आधी, धुळीत जायच्या आधी नाही. टाळूवर पू दिसला तर सरळ डॉक्टर गाठ. आणि नाहीच सुटलं... तर काप. सासूने विचारलं तर माझं नाव सांग.

शेवंताला विचारूनच लिहितेय हे. तिची जट गळाली नव्हती. मी कापली. सूत कापायच्या कातरीने, भरदुपारी.

आणि रात्रपाळी करून आलेले हे, न झोपता, बहिणीचं डोकं मांडीवर घट्ट धरून बसले होते. "काप," एवढंच म्हणाले.