शमुवेल ब्रदर आणि मनुकांचं पाणी

शमुवेल ब्रदर नव्या माणसाला नाव इचारायचे नाय. आधी त्याची नखं कापायचे. पनवेलच्या एसटी स्टँडवर नायतर पुलाखाली पडलेला माणूस रिक्षात घालून आणायचा, आंघोळ घालायची, मग ओट्यावर बसवून त्याचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा. एकदा एक जण खेकसला, "ब्रदर, नखं कापून दारू सुटते व्हय?"

"नाय सुटत," ब्रदर बोलले. "पण कापून होईपर्यंत तुझा हात माझ्याकडं हाय. तेवढा वेळ तरी बाटली धरणार नाय ना?"

करंजाड्याच्या पुढं पत्र्याचं ते घर. रस्त्यावरची दारुडी माणसं तिथं राहून दारू सोडतात. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, मधे भाजीच्या वाफ्यात काम. मी नऊ वर्षं तिथं सैपाक करते. माझा घरवाला दारूतच गेला, म्हणून असल्या माणसांचं मला भ्या वाटत नाय. मी काय येशूची नाय, माझी एकवीरा आई. पयल्याच दिवशी तसं सांगितलं, तर ब्रदर हसले. "बरं झालं मावशी. तुमच्या आईलापण सांगा, इकडं लक्ष ठेव. ही पोरं एकट्या येशूला आवरत नाय." साठीचा माणूस असला तरी त्यांना तो पोरच.

ब्रदर स्वतः एके काळी त्याच स्टँडवर पडून असायचे. आता अकरा वर्षं थेंब घेतला नव्हता. कोणी कौतुक केलं की चिडायचे. "आज नाय प्यायलो, एवढंच बोल. उद्याचं मला काय ठाऊक?"

महिन्याच्या पयल्या रविवारी त्यांचं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा. चर्चमधे द्राक्षाची दारू देतात म्हणे. इथं ती कशी चालेल? म्हणून काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या आणि ते पाणी उकळून गाळायचं. काम माझं. आदल्या संध्याकाळी करायची. त्या मे महिन्यात नेमकं शनिवारी माझ्या बहिणीचं बारावं आलं, द्रोणागिरीच्या बाजूला. मग मी शुक्रवारी सकाळीच मनुका कुस्करून ठेवल्या. गाडीची घाई, उकळायचं राहिलं. स्टीलच्या कॅनला झाकण घट्ट लावलं आणि शेगडीच्या बाजूला ठेवून गेले.

रविवारी येऊन झाकण उघडलं तर फस्सकन आवाज झाला. वर फेस. मला वाटलं कुस्करल्याचा असंल. फेस काढला, गाळलं, छोट्या वाट्यांत ओतलं, उरलेलं कॅनमधेच ठेवलं. वीस वर्षं दारुड्याच्या शेजारी झोपले आणि मला तो वास कळला नाय.

पयली वाटी ब्रदरनी तोंडाला लावली. घोट गिळला आणि डोळे मिटले. मग घाईघाईनं बोलले, "कोणी पिऊ नका. पाणी नासलंय." सगळ्यांच्या हातातल्या वाट्या भरल्याभरल्या गोळा केल्या आणि मागं घेऊन आले. मी सैपाकघराच्या दारात उभी होते. वाट्या त्यांनी एकेक करून मोरीत ओतल्या. मग कॅन उचलला. तो ओतला नाय. तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

मी बघितलं. त्यांनीपण मला बघितलं. मी कोणाला सांगितलं नाय.

तिसऱ्या दिवशी ब्रदर माणूस आणायला स्टँडवर गेले ते परत आलेच नाय. आठ दिवसांनी मला तिथंच दिसले, कट्ट्यावर बसलेले, शर्टावर ओकारी. मी बोलले, "ब्रदर, माझ्या हातनं झालं हे."

"नाय मावशी. मनुका तुमी भिजवल्या. कॅन मी उचलला."

"मग घरी चला."

"येतो. आज नाय."

दर बाजारच्या दिवशी मी इचारायची, दरवेळी तेच उत्तर. पोरं गेली, चर्चचे पाळक जाऊन प्रार्थना करून आले. काय झालं नाय.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी ते आपणहून फाटकाशी आले. पाय सुजलेले, खिशात बाटली. "मावशी, आज काय केलंय?"

"मुगाची आमटी, भात."

"वाढा."

मी ताट घेऊन धावले. फाटक जॉन धरून उभा होता. पुलाखालनं ब्रदरनीच आणलेला पोरगा, आता घर तोच सांभाळतो. पिऊन आलेल्यालापण आत घ्यायचं, पण बाटली बाहेर टाकल्यावर. तोवर ताट नाय आणि खाट नाय, हा तिथला नियम. नियम केला ब्रदरनीच.

"ब्रदर, बाटली टाका आणि आत या," जॉन बोलला. "पाया पडतो तुमच्या."

ब्रदरनी खिशावर हात ठेवला. लय वेळ तसाच ठेवला. "टाकवत नाय रे."

जॉनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, ताट आत न्या."

"बरोबर बोलतो तो," ब्रदर मला बोलले. "न्या मावशी. आज मला दिलंत तर उद्या सगळेच बाटली घेऊन जेवायला येतील." आणि हायवेच्या बाजूला चालायला लागले.

सहाव्या दिवशी कर्नाळ्याच्या रस्त्याला मेलेले सापडले. अंगाला जखम नव्हती.

माती देऊन आल्यावर जॉन सैपाकघरात माझ्या बाजूला येऊन बसला. बोलला, "मावशी, त्या दिवशी मी फाटक उघडायला पायजे होतं काय?"

मी त्याच्याकडं बघितलं. बोलले, "ऊठ. पोरं उपाशी हायत, ताटं मांड."