न पिणारा कृष्णात

विट्याकडून आमच्या गावात शिरलं की आधी बंगले लागतात. दोन-तीन मजली, चकचकीत फरशीचे आणि बहुतेक कुलूप लावलेले. घरची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली. यात्रेला सगळी येतात, गाड्या लावायला जागा उरत नाही. यात्रा संपली की पुन्हा कुलपं.

या कुलपांमध्ये वर्षभर उघडं असणारं एक दार कृष्णातचं. माझं घर त्याला लागूनच.

कृष्णात थोरल्या भावाबरोबर, नाथाजीबरोबर, सेलमला दुकान चालवायचा. एकदा घरी जाताना स्कूटरवरून पडला. हेल्मेट नव्हतं. रक्त फारसं आलं नाही, पण आत मेंदूला मार बसला. बरेच दिवस बेशुद्ध होता. मग शुद्धीवर आला, टाके निघाले, त्यावर केस वाढले आणि बघणाऱ्याला तो बरा दिसू लागला.

तो बरा नव्हता. चालताना तोल जायचा. शब्द लांबायचे, मध्येच अडकायचे. चुलीवर आमटी करपली तरी वास यायचा नाही. दोन माणसं एकदम बोलली की कान झाकून घ्यायचा, चिडायचा. बायको आधीच वारलेली, मुलगी अंकिता सांगलीला कॉलेजात. नाथाजीने त्याला गावी आईपाशी, बनुबाईपाशी, आणून सोडलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी तोलाचे आणि बोलण्याचे व्यायाम दिले होते. सुधारणा हळू होईल पण होईल, नेमाने या, असं बजावलं होतं. काही खेपा झाल्या आणि नाथाजीने त्या बंद केल्या. मी विचारलं तर म्हणाला, "आवं आप्पा, एसटीत लोक विचारत्यात. डोक्याचं हाय म्हटलं की पोरीचं लगीन अडलं. येड घराण्यातच हाय म्हणत्यात."

"आणि आता दारुडा म्हणतात, ते?"

"दारू लय घरांत हाय. तेनं सोयरीक मोडत न्हाई."

कृष्णातने आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं.

तो पारावर गेला की वीरधवल, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, लांबूनच ओरडायचा, "आलं रं इमान! गड्या, सकाळी सकाळीच व्हय?" प्यालेला माणूस म्हणजे हवेत तरंगणारं विमान, म्हणून सगळे हसायचे. कृष्णातला उत्तर सुचायचं, पण ते ओठांवर येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. हळूहळू त्याने पारावर जाणंच सोडलं. सोप्यात खुर्ची टाकून तो समोरच्या बंद बंगल्यांकडे बघत बसायचा.

यंदाच्या यात्रेत अंकिताला बघायला आष्ट्याचे पाहुणे आले. सगळे घरी असतात म्हणून आमच्याकडे सोयरिकी यात्रेतच ठरतात. नाथाजीने कृष्णातला माडीवर बसवलं, "खाली येऊ नगंस," म्हणून सांगितलं. बैठकीला मी आणि वीरधवल होतो.

चहा आला आणि देवळापुढचा डॉल्बी सुरू झाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दोन्ही कान दाबून, भिंतीला खांदा घासत कृष्णात जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर कोलमडला.

मुलाच्या मामाने मिशीत हसून विचारलं, "दुपारीच?"

नाथाजी घाईने म्हणाला, "यात्रा हाय पाव्हणं. जरा झालीया."

अंकिताने ट्रे खाली ठेवला, वडिलांना धरून उभं केलं आणि चुलत्याकडे वळली.

"तात्या, बास. पप्पांनी कधी थेंबबी घेतला न्हाई. डोक्याला मार लागलाय, मेंदूला इजा झालीया. म्हणून तोल जातो, म्हणून आवाज सोसत न्हाई. हे घराण्यातनं येत न्हाई. स्कूटरवरनं पडून येतं."

"अगं, गप की," आतून बनुबाई म्हणाली.

कृष्णात पाहुण्यांकडे वळला. बराच वेळ नुसते ओठ हलले. मग म्हणाला, "पडलो... म्या."

पाहुण्यांनी चहा संपवला. कळवतो म्हणाले आणि त्यांनी काहीच कळवलं नाही. वीरधवल उठून देवळाकडे गेला. थोड्या वेळाने डॉल्बीचा आवाज कमी झाला. बंद नाही, पण कमी.

यात्रा संपली. गाडीत बसताना नाथाजी अंकिताला एवढंच म्हणाला, "ने त्याला सांगलीला." मग रांगेने कुलपं लागली.

आता अंकिता सुट्टीच्या दिवशी येते आणि बापाला एसटीने डॉक्टरांकडे नेते. व्यायाम चालू आहेत. परवा संध्याकाळी कृष्णात पुन्हा पारावर गेला. आता कोणी हसलं नाही. सरकून जागा दिली, पण बोलणंच थांबलं. आजाऱ्यापाशी काय बोलावं ते कोणाला सुचेना. एकेक जण काम काढून उठला. वीरधवल तेवढा बसून राहिला.

कृष्णातने तोंड उघडलं. शब्द यायला वेळ लागला. वीरधवल थांबला.

"इमान... उतरलं, गड्या."

वीरधवलला हसता आलं नाही. कृष्णात त्याच्या तोंडाकडे बघत होता, तो हसेल म्हणून.