जळका जोंधळा

धारवाडच्या प्रयोगशाळेत आम्ही जोंधळ्यात परका जनुक घालून बघत होतो. नियम असा, की चाचणी संपली की कणसांसकट सगळं पीक जाळायचं, मग ते कितीही भरलेलं असो. जाळायचं काम माझ्याकडे होतं.

नवनगरच्या घरी हे आईला सांगितलं, तिथंच चुकलं. भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून डोळ्यांना लावणारी बाई ती. "अन्न जाळतोस?" एवढंच म्हणाली, आणि जाळणीच्या दिवशी माझ्या हातचं पाणीही घेईनाशी झाली. मी चिडायचो. अगं, सरकारचा नियम आहे! तिला कसला नियम?

शेवटच्या आजारात मी तिला पेज भरवायला बसलो. जाळणी होऊन कितीतरी दिवस झाले होते, हात साबणानं धुतले होते. तरी तिनं तोंड फिरवलं. "जळका वास येतोय," म्हणाली. पुढं तिनं अन्नाला तोंड लावलंच नाही.

आता तंत्र बदललंय. जोंधळ्याच्याच जनुकात बारीक दुरुस्ती करतो, परकं काही घालत नाही, म्हणून मंजुरी मिळाली की पीक जाळावं लागत नाही. परवा ते दाणे पहिल्यांदा घरी आणले, दळले, भाकरी थापली. घास तोंडाशी नेला, तेव्हा हाताला तो वास आला. ताट तसंच बाजूला सारलं.