हाळातलं शेवाळ

आमच्या चुडाव्यात शेवाळाशी हाडवैर कुणाचं असेल, तर ते सुलाबाईचं. तिच्या दारापुढं जनावरांना पाणी पाजायचा हाळ आहे. दर रविवारी ती पदर खोचून त्यात उतरायची आणि काथ्यानं तळ घासायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. "जित्राबाला तोंड न्हाई सांगायला," एवढंच म्हणायची.

तिचा नवरा दत्तराव रेल्वेत गँगमन होता. तीन वर्षांमागं मे महिन्यात रुळावर त्याला ऊन लागलं आणि तो घरी आलाच नाही. त्याच्या जागी आता मुलगा सिद्धोधन लागलाय. मार्च उजाडला की सुलाबाईचं सगळं लक्ष रुळाकडंच असतं.

आता माझा शहाणपणा ऐका. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. पेपर मोठ्यानं वाचायची खोड काही जात नाही. यंदा एप्रिलमध्ये तिच्या ओट्यावर बसून एक बातमी वाचली. समुद्रातलं शेवाळ हवेतला कार्बन, म्हणजे गाड्या-कारखान्यांचा धूर, शोषून घेतं. ते वाढवलं तर वाढतं ऊन रोखता येईल का, याचा शोध चाललाय. मी 'समुद्र' वाचलं, तिनं 'शेवाळ' ऐकलं. मी वाचलेला 'का' तर तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

पुढचे दोन रविवार हाळ घासला गेला नाही. पाणी हिरवंगार झालं, वर साय धरली. विचारलं तर म्हणाली, "धूर खायलंय ते गुरुजी. खाऊ द्या की. माझं लेकरू उन्हात हाय."

मला हसू आलं. हसलो आणि घरी गेलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याच आठवड्यात तिचीच गाभण शेळी ते पाणी पिऊन मेली. असली साय विषारी असू शकते, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी सुलाबाई हाळात उतरली. घासता घासता, मान वर न करता तिनं विचारलं, "माझं येवढुसं, ते काय पुरनार. पन समुद्राचं पुरंल ना, गुरुजी?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण खरं सांगितलं. समुद्रातलं शेवाळ मेलं की कुजतं आणि खाल्लेला बहुतेक धूर परत वर येतो. तळाशी जाऊन राहतो तो थोडाच. माणसानं धूर ओतायचा थांबवला नाही, तर समुद्रसुद्धा पुरायचा नाही.

"म्हंजी ह्या मे म्हैन्यात ऊन उतरनार न्हाई."

"नाही."

"पुढच्या?"

ती पुन्हा घासायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी बाराला सुलाबाई डोक्यावर ओलं फडकं टाकून, काखेत कळशी घेऊन रुळाच्या कडेनं निघते. अठ्ठावन्न वर्षांची बाई, जाऊन-येऊन सहा किलोमीटर. सिद्धोधन ओरडतो, "आई, येत नको जाऊस, तुलाच लागंल ऊन!"

"लागू दे," ती म्हणते, "तू पी."

मी ओसरीच्या सावलीतून तिला जाताना पाहतो. थांब म्हणायला मला तोंड नाही.